आठ नंबरचा कल

दरवर्षी सप्टेंबरात ‘एकादश’ या फुटबॉल गेमची नवी आवृत्ती येते आणि दरवर्षी मी रविवारच्या पुरवणीत तिच्याबद्दल ‘प्रथमदर्शनी’ लिहितो. गवत मागच्या वर्षीपेक्षा जरा हिरवं आहे, गोलकीपर जरा कमी बावळट आहे, मेन्यूत मात्र अजूनही माणूस हरवतो. सोळा वर्षं मी हेच लिहितोय आणि सोळा वर्षं लोक ते वाचतायत. बाजारात यायच्या आठ दिवस आधी कंपनी मला गेम पाठवते. कोल्हापुरात हा मान एकट्या मला आहे. उद्या तो दुसऱ्या कुणाला मिळाला तर मी अंथरूण धरेन.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाही. मी जळका माणूस आहे. शेजारच्या कुंडीतला मोगरा माझ्या मोगऱ्यापेक्षा जास्त फुलला तरी माझं तोंड आंबट होतं. माझी बायको केतकी म्हणते, तुमच्या पत्रिकेत शनी नाही, मंगळ नाही, नुसता इंद्रजित बसलाय.

इंद्रजित चौगुले, पाणंद तालमीचा नऊ नंबर. मी धैर्यशील घाटगे, त्याच तालमीचा आठ नंबर. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे फुटबॉल क्लबात नाही, तालमीत वाढतो. कुस्तीचा आखाडा, आखाड्याशेजारी मारुती आणि त्याच तालमीच्या नावाचा फुटबॉल संघ. ज्या पेठेत जन्मलात त्या तालमीचे तुम्ही झालात, विषय संपला. पाणंद विरुद्ध तोफखाना सामना असला की अर्धी दुकानं बंद असायची. मी मधून बॉल काढून द्यायचा आणि इंद्रजितने गोल मारायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळ्यात चौगुले असायचा आणि आतल्या तिसऱ्या ओळीत घाटगे. लोक त्याला खांद्यावर घ्यायचे, तेव्हा त्याचे बूट धरायला मला सांगायचे. मी धरायचो.

अठरा वर्षांपूर्वीच्या आमच्या शेवटच्या फायनलला गोव्याच्या एका मोठ्या क्लबचा माणूस आला होता, त्याला फॉरवर्ड हवा होता. सामना शून्य-शून्य राहिला, पेनल्टीवर तोफखान्याने आम्हाला हरवलं आणि गोव्याचा माणूस रिकाम्या हाताने परत गेला. इंद्रजितने पुढच्या वर्षी बूट काढून ठेवले. आज तो एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, मुलींना फुटबॉल शिकवतो. मी तालमीच्या कमिटीवर आहे. पेठेत मला नमस्कार पडतात आणि ते मला आवडतात.

यंदाच्या ‘एकादश ४२’मध्ये पहिल्यांदाच शहरांच्या स्थानिक स्पर्धा आल्या आहेत. त्यात कोल्हापूरच्या तालमी आहेत, आत्ताच्या आणि जुन्याही. हे कसं जमलं ते नीट सांगतो, कारण गोष्ट तिथेच अडकते.

पूर्वी गेममधल्या खेळाडूला कुणीतरी खुर्चीत बसून गुण द्यायचं. वेग सत्तर, पास पंचाहत्तर, असं. आता कंपनी जुनं चित्रीकरण मागते. केबलवाल्याचा एकच कॅमेरा, तोही स्टँडच्या शेवटच्या पायरीवरचा, तरी चालतो. त्या धुरकट चित्रातून प्रोग्राम प्रत्येक खेळाडूचे मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे असे सांधे पकडतो आणि त्याचा हलता सांगाडा उभा करतो. पायाने बॉल मारायच्या काही क्षण आधीच शरीराने निर्णय घेतलेला असतो. टेकलेलं पाऊल जिकडे रोखलंय आणि कंबर जिकडे उघडलीय, बॉल बहुधा तिकडेच जातो. चांगला गोलकीपर पेनल्टी अडवतो तो हेच वाचून. प्रोग्राम दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतो: खेळाडूला काय दिसलं आणि त्याने काय केलं. या दोन्हींत एकदा फरक पडला तर तो अपघात. तोच फरक तीस-चाळीस वेळा पडला तर त्याला कंपनी ‘कल’ म्हणते. प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक साथीदारासाठी वेगळा कल असतो आणि गेममधला तुमचा पुतळा त्या कलाने वागतो.

गेल्या वर्षी कंपनीची माणसं चित्रीकरण मागायला तालमीत आली, तेव्हा आमचे अध्यक्ष बंडातात्या घाबरले. “तोफखान्याची पोरं तिकडं वशिला लावून आपापली ताकद वाढवून घेतील,” ते म्हणाले, “आणि आमची पोरं टीव्हीवर लंगडताना दिसतील.” सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठलो आणि म्हणालो, तात्या, अट घालू, मसुदा मी लिहितो. मी लिहिलं: ‘कुणाचाही खेळ वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. जसा होता तसाच दाखवायचा.’ तोफखान्यालाही ती अट पटली. दोन्ही तालमींच्या कमिट्यांनी आखाड्यातली तांबडी माती हातावर घेऊन होकार दिला. आमच्याकडे माती हातावर घेतली की शब्द फिरत नाही.

माझ्या अक्कलहुशारीचं त्या दिवशी फार कौतुक झालं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. चहा पिताना कंपनीचा एक पोरगेला साहेब मला म्हणाला होता, “चौगुले सरांबद्दल लोक इतकं बोलतात, आम्ही त्यांना ‘दंतकथा’ वर्गात टाकतो. वेग थोडा वाढवू.” ते ऐकून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते मसुद्यावर सही झाल्यावरच थांबलं.

शनिवारी सकाळी गेम आला. मी आधी आमची जुनी पाणंद उघडली. चौगुले एकाहत्तर, घाटगे चौऱ्याहत्तर. मी खुर्चीतून उठलो आणि केतकीला स्वयंपाकघरातून ओढून आणलं.

“तीन गुणांनी पुढं आहे मी! मशीन सांगतंय, मी नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता तरी जेवण गोड लागेल ना?”

मग मी खेळायला बसलो. स्वतःला न घेता मुद्दाम इंद्रजितला घेतलं. त्याचा वेग माझ्यापेक्षा किती कमी आहे ते बोटांनी अनुभवायचं होतं. आठ नंबर मशीन चालवणार होतं.

पहिल्या पाच मिनिटांतच तोफखान्याच्या बचावामागे मोकळी जागा दिसली. मी इंद्रजितला पळवलं. मधे आठ नंबरकडे, म्हणजे माझ्याकडे, बॉल होता. त्याने मान वर केली. इंद्रजित त्याला दिसला. त्याची कंबर उघडली, डावं पाऊल इंद्रजितच्या दिशेने टेकलं, उजवा पाय मागे गेला आणि शेवटच्या क्षणी घोटा फिरला. बॉल आडवा, डावीकडे, कुणालाच काही उपयोग नाही अशा जागी गेला.

मी पुन्हा इंद्रजितला पळवलं. पुन्हा तेच. नऊ नंबरवर दुसरा फॉरवर्ड आणला, तर माझ्या पुतळ्याने त्याच्या पायात लोण्यासारखा पास दिला. इंद्रजितला परत आणलं, घोटा परत फिरला.

अठरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की त्या फायनलला तो मला दिसलाच नाही. ऊन डोळ्यांवर होतं, गर्दी होती, तोफखान्याचे दोघं अंगावर होते. आता पडद्यावर माझीच मान वर होत होती आणि माझाच घोटा फिरत होता. गोव्याचा माणूस येणार हे महिनाभर आधी कळलं होतं आणि त्या दिवसापासून माझा पाय असाच फिरत होता. हे करायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं, पण दर वेळी मला कळत होतं.

गेममध्ये कलाचं एक पान असतं. मी ते उघडलं. शेवटचे सहा सामने: घाटगेकडून चौगुलेला टाळलेले पास एकेचाळीस. त्यातले फायनलमधले चौदा. खाली चौगुलेचा कल होता. गोलसमोर दोन वाटा असल्या तर पहिली पसंती आठ नंबर. म्हणजे हा माणूस स्वतः मारता येत असताना बॉल मला द्यायचा! मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी चीड आली. गोल त्याचे, खांदे त्याचे आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच. मला काही ठेवलंच नव्हतं त्याने.

पुढच्या रविवारी गेम बाजारात येणार होता. पेठेतलं प्रत्येक पोरगं पहिल्यांदा पाणंद घेणार, चौगुलेला पळवणार आणि घाटगे काय करतो ते बघणार. माझा नमस्कार तर जाणारच होता, पण तालीम ती फायनल माझ्यामुळे हरली, हे पेठ मला विसरू देणार नव्हती.

मी कंपनीच्या गौरी पाच्छापुरेंना फोन लावला. त्या बेळगावच्या, बोलायला सरळ. म्हणालो, आठ नंबरमध्ये बिघाड आहे.

त्यांनी पाहिलं. “बिघाड नाही सर. एकेचाळीस वेळा सारखंच झालंय. पण तुम्ही स्वतः तो खेळाडू आहात, तुमचा हक्क आहे. ‘हा कल माझा नाही’ एवढी एक ओळ लिहून पाठवा, आम्ही तो काढून साधा कल घालतो.”

“आणि तालमीची अट?”

“अट तालमीची, अंग तुमचं. उद्या संध्याकाळी सहापर्यंत पाठवा. त्यानंतर काही बदलता येत नाही.”

मी ती ओळ लगेच लिहिली. पाठवली मात्र नाही. का नाही पाठवली, ते मलाही सांगता येत नाही.

रविवारी सकाळी मी शाळेच्या मैदानावर गेलो. इंद्रजितला बघायला गेलो होतो, खरं तर त्याच्यात काही वाईट दिसतंय का ते बघायला. तो मुलींचा सराव घेत होता. पोट सुटलंय त्याचं, डोक्यावर विरळ झालंय. ते बघून मला जरा बरं वाटलं. मग त्याची मुलगी अन्विता बॉलमागे निघाली आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. सोळा वर्षांची पोर, बापाचीच धाव, बापापेक्षा हलकी. आमचा मुलगा बॉल अंगावर आला तर डोळे मिटून घेतो.

बचावातल्या दोन मुलींमधून ती सुटली. समोर सगळं मैदान मोकळं होतं.

“अनू, थांब!” इंद्रजित ओरडला. “मागं ये! पायात घे!”

ती थांबली. लगाम ओढल्यासारखी थांबली, मागे आली, पायात बॉल घेतला आणि तिथे तिला तिघींनी घेरलं.

“काय मर्दा, इकडं कसा वाट चुकलास?” त्याने मला मिठी मारली. “गुरुवारी पुण्यात ट्रायल हाय पोरीची. सतरा वर्षांखालचं राष्ट्रीय शिबिर. गेल्या साली घेतली न्हाई तिला. म्हणाले, पळता पळता मधेच थांबते.”

“मग थांबवतोस कशाला?”

“तिनं माझ्यागत करू नये म्हणून.” तो हसला. “त्या फायनलला मी दहा-बारा वेळा बचावामागं पळालो असेन. एकदा तरी बॉल आला? तुझ्यासारखा देणारा असून आला न्हाई, म्हणजे माझीच जागा चुकत होती न्हवं? मला कळालंच न्हाई कधी कुठं चुकतंय ते. म्हणून सोडला खेळ. हिला लहानपणापासनं सांगतोय, आंधळं पळायचं न्हाई. थांबायचं, बघायचं, पायात घ्यायचं.”

मी बुटाने मैदानावरचा एक खडा उकरत राहिलो. दहा वर्षं हा माणूस आपल्या पोरीला माझं पाप शिकवत होता, स्वतःची चूक म्हणून.

“संध्याकाळी येतो गेम बघाय,” तो म्हणाला. “पोरं म्हणालीत मी पण हाय त्यात.”

येऊ नको, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. “ये,” असं बाहेर पडलं.

घरी येऊन मी पुन्हा ती ओळ उघडली. पाठवली की काम संपलं. माझा पुतळा शहाण्यासारखा पास देईल, पेठ टाळ्या वाजवेल, मी चौऱ्याहत्तर गुणांवर सुखाने म्हातारा होईन. फक्त गुरुवारी ती पोरगी पुण्यात सुटेल आणि मधेच थांबेल. दुपारभर मी तिथेच बसून होतो. माझ्या मनात काय काय आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही, पण एक लिहितो, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. मनात हेही आलं की तिची निवड झाली तर पुन्हा मथळ्यात चौगुलेच येणार.

पाच वाजता तो आला. केतकीने चहा दिला आणि माझा चेहरा बघून ती आत निघून गेली. इंद्रजितने कंट्रोलर दोन्ही हातांत घेतला आणि पडद्यावर स्वतःला बघून पोरासारखा खूष झाला.

“केस बघ की माझे! लेका, एवढे होते व्हय?”

खेळ सुरू झाला. दुसऱ्याच मिनिटाला त्याला मोकळी जागा दिसली. मी बघत होतो, त्याचा अंगठा आधी पुढे गेला आणि मग त्याने तो मुद्दाम मागे घेतला.

“पळव की,” मी म्हणालो.

“न्हाई रे, जागा चुकती माझी.”

“पळव म्हणतोय ना.”

त्याने पळवलं. आठ नंबरने मान वर केली, कंबर उघडली, पाऊल टेकलं आणि घोटा फिरला. इंद्रजितने परत पळवलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्याने खेळ थांबवला आणि तोच क्षण मागे नेऊन हळूहळू बघितला. खेळाचा मास्तर तो, शरीर वाचणं त्याचं रोजचं काम. कंट्रोलर त्याने मांडीवर ठेवला.

“गेम बिघडलाय तुझा,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “असला न्हाईस तू. कळीव त्यांना, दुरुस्त करतील.”

पावणेसहा झाले होते. ओळ लिहिलेली होती. आता तर खुद्द त्यानेच सांगितलं होतं.

“बिघडलेला नाही,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला.

“मी बघायचो तुला. प्रत्येक वेळी. द्यायचो नाही.” एकदा सुरू झालं आणि मग थांबेना. “गोव्याचा माणूस तुझ्यासाठी आला होता. तू जाणार आणि मी इथं तुझे बूट धरत बसणार, ते मला बघवत नव्हतं. मी जळत होतो, इंद्रा. आत्ताही जळतो. सकाळी तुझ्या पोरीला बघून जळलो.”

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. तो हात माझ्या तोंडावर यावा असं मला फार वाटत होतं. हात आला नाही.

“माझी जागा बरोबर होती?” त्याने विचारलं.

“हो.”

“फायनलला?”

“चौदा वेळा पळालास. चौदाही वेळा बरोबर होतास.”

“चौदा.” त्याने तोंडावरून हात फिरवला. मग पुन्हा विचारलं, “म्हणजे माझी धाव बरोबर होती?”

“इंद्रा, मी...”

“तू गप बस.”

मी लिहिलेली ओळ त्याच्यासमोर पुसून टाकली. त्याने तिकडे बघितलंही नाही. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

“तात्यास्नी मी सांगणार न्हाई,” तो म्हणाला. “तुझं तू सांग. आणि माझ्या दारात येऊ नको.”

“बरं,” मी म्हणालो.

तो दारापर्यंत गेला, तिथेच उभा राहिला आणि त्याने खिशातून फोन काढला. हे असं काही ऐकल्यावर लगेच ज्याला सांगावं असं त्याचं माणूस होतं. मला त्याचाही हेवा वाटला.

“अनू, कुठं हायस?... ऐक. गुरुवारी थांबायचं न्हाई... व्हय, मीच बोलालोय. मोकळी जागा दिसली की सुटायचं, मागं बघायचं न्हाई... चुकलो होतो मी, पोरी. दहा वर्षं चुकीचं सांगितलं तुला.”

पलीकडून तिने काहीतरी विचारलं. तो वळला आणि त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

“न्हाई आला बॉल, तर चूक देणाऱ्याची,” तो तिला म्हणाला. “पळणाऱ्याची न्हवं.”